पाईपावरची गाठ

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत बिभीषण मिस्त्रीचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, दारात लिंबाचं झाड, झाडाखाली बाकडं आणि बाकड्यावर बहुतेक वेळा खुद्द बिभीषण. वय बावन्न. तीस वर्षं ट्रकांची इंजिनं उघडली, पण आजवर कुणाला काही विचारायची वेळ आली नाही, हे तो अभिमानाने सांगायचा. आणि आपण कुणावर जळत नाही, हेही सांगायचा. यातलं पहिलं खरं होतं.

त्याचं नाव झालं ते पाईपांमुळे. जुन्या छोट्या ट्रकच्या इंजिनावर बारीक रबरी पाईपांचं जाळं असतं. एक पंप हवा ओढत राहतो, आणि त्या ओढीवर ब्रेक हलका होतो, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो चालतो, थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा एक वॉल्व्हही उघडतो-मिटतो. पाईप वाळून चिरले की सगळंच बिनसतं. बिभीषणचा इलाज ठरलेला. ब्रेकचा पाईप सोडून जमेल तेवढं जाळं उपटायचं, तोंडं बुजवायची, वॉल्व्हच्या वाटेत पत्रा ठोकायचा आणि निघालेलं सामान भंगारात. आता बिघडायला काही राहिलंच नाही, असं तो म्हणायचा, आणि करकंब-अकलूजकडची माणसं खूश होऊन जायची. ट्रक मागे काळा पडदा सोडत जायचा. तेव्हा तिकडे बघत कोण होतं?

पुढे बघायला लागले. धुराच्या तपासणीत बिभीषणच्या हातचे ट्रक एकेक करून परत यायला लागले. त्याच सुमारास चार शेड सोडून धुळाने आपलं दुकान मांडलं.

धुळा सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरचा, चाळिशीतला, कमी बोलणारा. पाईप तोही कमी करायचा, पण उपटत नसे. धुराचा वॉल्व्ह खोलून काजळी खरवडायचा, धुवायचा, परत बसवायचा. हातभर पाईप उगाच वळसे घेत असेल तर तिथे वीतभर घालायचा, मधले निकामी जोड काढायचा. आणि पान्याला हात लावण्याआधी एक वेगळंच काम करायचा. प्रत्येक पाईपाच्या टोकाला आणि तो जिथे बसतो त्या तोंडाला एकाच रंगाच्या लोकरीचा दोरा बांधायचा. लोकर त्याची आई मायाक्का घरी कातायची. दोन कळप रानात एकमेकांत मिसळले तर आपली मेंढरं निवडता यावीत म्हणून पाठीवर रंग लावतात, तीच रीत त्याने इंजिनावर आणली होती.

गल्ली हसली. सगळ्यात जास्त बिभीषण हसला. इंजिन आहे का बोकड, असं तो गिऱ्हाइकांना विचारायचा. गिऱ्हाईकही हसायचं, आणि पुढच्या खेपेला धुळाकडे जायचं.

मग बिभीषणचं हसणं आटलं. बाकडं त्याने असं फिरवून ठेवलं की बसल्या जागी धुळाच्या शेडचं दार दिसावं. आज कुठल्या गावची गाडी आली, किती वेळ थांबली, जाताना धूर किती सोडला, सगळं त्याला तोंडपाठ. घरी जेवताना धुळाच्या नावाने बोटं मोडायचा. एकदा त्याची बायको सोनाबाई म्हणाली, की एवढं त्याचं काम आवडतं तर जाऊन बघून या ना. त्या दिवशी बिभीषण अर्ध्या भाकरीवरून उठला.

आणि गेल्या महिन्यात धुळाच्या दारात कोंडीबा तात्यांचा ट्रक उभा राहिला.

कोंडीबा तात्या करकंबचे, केळीची वाहतूक करणारे, बिभीषणचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. सहा वर्षांपूर्वी या ट्रकचं जाळं बिभीषणनेच उपटलं होतं. आता तात्यांनी जुना वॉल्व्ह, डबी, पाईप असं सामान शोधून आणलं होतं आणि ते धुळाच्या हातून बसवून घेत होते. म्हणजे दुसरं कुणाचं नाही, बिभीषणचं काम पुसून काढायचं चाललं होतं, भर गल्लीत, त्याच्या नाकासमोर. तात्यांनी लांबून हात केला. बिभीषणने पाना उचलून उगाच पुसायला घेतला.

दुपारी धुळा जेवायला गेला. तात्या आणि त्यांची नात अंकिता कोपऱ्यावर रसाच्या गाड्यापाशी बसले. शेड उघडी, ट्रकचं बॉनेट उघडं. बिभीषण फिरायला निघाल्यासारखा चालत गेला.

काम बघून त्याला आणखीच वाईट वाटलं. ते खरंच देखणं होतं. निम्मे पाईप गेले होते, उरलेले आखूड, सरळ, नजरेला सापडणारे. पंपाची ओढ वॉल्व्हकडे कधी सोडायची ते ठरवणाऱ्या तीन तोंडांच्या डबीवर पाईप जोडायचे बाकी होते. पंपाच्या तोंडाला निळी लोकर. वॉल्व्हकडे जाणाऱ्या तोंडाला तांबडी. बाहेरची हवा घ्यायच्या तोंडाला पिवळी. बिभीषणने इकडेतिकडे बघितलं, तांबडा आणि पिवळा दोरा सोडला आणि डबीच्या तोंडांवर उलटसुलट बांधून टाकला. आता ट्रक धूर ओकेल, तोही तात्यांच्या देखत. मग बघू लोकर.

बाकड्यावर परत येऊन तो वाट बघत बसला. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. धुळा आला, वाकला, काम केलं, इंजिन चालू झालं. धूर नाही. बिभीषण उठून उभा राहिला. तरीही धूर नाही. आणि मग त्याच्यातल्या मिस्त्रीने, जळणारा माणूस इतका वेळ ज्याला बोलू देत नव्हता त्याने, पुढचा हिशेब मांडला. ती दोन तोंडं उलटी जोडली, तर वॉल्व्ह उघडायची वेळ येईल तेव्हा पंप बाहेरची हवा ओढत बसेल. ओढ वाया जाईल. आणि त्याच ओढीवर ब्रेक हलका होतो. इथे उभ्या गाडीत काही कळायचं नाही. चालत्या गाडीत, केळीच्या ओझ्याने, पाय दाबला तर पेडल दगडासारखं लागेल.

समोर अंकिता केबिनमध्ये चढत होती.

बिभीषण तीस वर्षांत धावला नव्हता. तो धावला. चपलेचा अंगठा तुटला, ती गल्लीतच राहिली.

"तात्या, गाडी काढू नका," तो म्हणाला. "त्यो ब्रेक... एकदा बघा."

तात्या बुचकळ्यात पडले. धुळाने मात्र बिभीषणच्या अनवाणी पायाकडे बघितलं, तात्यांना आणखी एकेक ग्लास रस घ्यायला सांगितलं आणि बॉनेट परत उघडलं.

"ब्रेक बघितलाय, अण्णा. पाईप बी बरोबर जोडल्यात. या, बघा."

बिभीषण वाकला. पाईप बरोबर होते. पण तांबड्या दोऱ्याचा पाईप पिवळा दोरा असलेल्या तोंडावर होता, आणि पिवळा तांबड्यावर. धुळाने पाईप रंग बघून जोडलेच नव्हते.

"मेंढरं आमी तोंडावरनं वळखतो," धुळा हळू आवाजात म्हणाला. "रंग लावायचा तो दुसऱ्याला कळावं म्हणून."

"दुसऱ्याला म्हणजे कुणाला?"

"ह्या गाडीच्या बाबतीत तुमाला."

मग त्याने सांगितलं. म्हातारा बाप आता रानात फिरू शकत नाही, कळप बघायला घरात दुसरं कुणी नाही. या अमावस्येनंतर तो शेड बंद करून सांगोल्याला जाणार होता. तात्यांना आणि बाकीच्यांना त्याने सांगून ठेवलं होतं, की पुढे काही लागलं तर बिभीषण अण्णांकडे जा, दोऱ्यांवरून त्यांना सगळं कळेल.

गेलेली सगळी गिऱ्हाइकं एका वाक्यात परत आली होती, आणि ती या माणसाने दिली होती. बिभीषणला लाज वाटली. खोटं कशाला सांगायचं, त्या लाजेखाली हेवाही होताच. आपण जाताना धुळाला एक पानासुद्धा दिला नसता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मी केलंय, हे तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

धुळाने तांबड्या दोऱ्यावर बोट ठेवलं. धुळाची स्वतःची गाठ एका ओढीत सुटणारी, कोकराच्या गळ्याला घालतात तसली. ही होती दुहेरी पिळाची, करकचून आवळलेली. बिभीषणच्या हातून गेलेल्या प्रत्येक ट्रकच्या बॉनेटला दोरी बांधलेली असायची, ती याच गाठीने.

"दोरे तेवढे उलटे ठेवल्यात," धुळा म्हणाला. "ते तुमीच सोडा."

बिभीषण सोडायला लागला. गाठ घट्ट होती, बोटं तेलकट होती. नखाने उकरत उकरत त्याने दोन्ही दोरे काढले आणि तळहातावर घेतले. कोपऱ्यावरून तात्या हाक मारत होते, झालं का म्हणून.

"धुळा," तो म्हणाला, "ती तुझी गाठ कशी मारत्यात, दाव की."