एक ग्रॅमचं वेढणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, वन्संना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आज लिहायला बसल्यापासून तीनदा उठले. एकदा खिडकी लावली, एकदा तीच उघडली. तिसऱ्यांदा का उठले ते आठवत नाही. सांगते — पण जरा मागून सुरुवात करू दे.

सुधीर, माझा नवरा, हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होता. आयुष्यभर त्याचे कान मॉनिटरच्या बीपकडे लागलेले. तो रिटायर झाला आणि इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या आमच्या घरात एकदम शांतता पसरली. मी शाळेच्या लायब्ररीत नोकरी केलेली. मला ती शांतता मानवली. त्याला सोसेना. सहा महिन्यांत त्याने मेटल डिटेक्टर घेतला — जुनी नाणी शोधायचा साधा नव्हे, मातीतला सोन्याचा बारीक कणसुद्धा टिपणारा. मग भूगर्भशास्त्राची पुस्तकं आली, नकाशे आले, जमीनमालकांना परवानगीची पत्रं गेली. दर उन्हाळ्यात स्कॉटलंडचे डोंगर, आणि दर वेळी नवी दरी.

मी बरोबर जायचे आणि गाडीत बसून वाचायचे. तो हेडफोन लावून ओढ्याकाठी यंत्र फिरवायचा — पावसात, चावऱ्या चिलटांत. तीन उन्हाळ्यांत काय मिळालं? खिळे, छर्रे, गंजलेल्या तारा, एक चमचा. गणपतीला सगळे जमलो की मिल्टन कीन्सचे कुलकर्णी विचारायचे, "काय डॉक्टर, खिळ्यांचं दुकान कधी उघडताय?" सगळे हसायचे, सुधीरही हसायचा. परतताना मात्र प्रत्येक राउंडअबाउटला तो गरजेपेक्षा जोरात ब्रेक दाबायचा.

तुम्हांला वाटेल मला त्याची दया आली. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं — की जे केलं ते त्याच्यासाठी. नाही. मी कंटाळले होते. ओल्या बुटांच्या वासाला, काचेवरच्या वाफेला, मांडीवर नकाशा उघडून "पुढच्या वर्षी इकडे" म्हणणाऱ्या त्याच्या आवाजाला. मला माझा उन्हाळा परत हवा होता. एकदा सापडलं की याचं मन भरेल — एवढंच डोक्यात होतं.

माझ्या लग्नाआधी आईने जमेल त्या गुरुपुष्याला एकेक वेढणं घेऊन ठेवलं होतं. वेढणं म्हणजे चोख सोन्याची साधी, पिळाची अंगठी, एकेक ग्रॅमची. अशी अकरा. सुधीर डेंटिस्टकडे गेला होता तेव्हा मी त्यांतलं एक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि लोखंडी खलबत्त्यात ठेचलं. चोख सोनं मऊ असतं. दहाबारा घाव पुरले. मग बागेतल्या वाळूत बराच वेळ घासलं. तुरीच्या डाळीएवढा ओबडधोबड खडा झाला. तळहातावर घेतला आणि पटकन मूठ मिटली — इतका तो खरा दिसत होता.

पुढच्या जूनमध्ये आम्ही एका नव्या दरीत गेलो. त्याने ओढ्याच्या वळणावर दोऱ्या लावून एक पट्टा आखला आणि सँडविच खायला तो गाडीत आला. मी म्हटलं, पाय मोकळे करून येते. खडकाच्या फटीत खडा सरकवला, वर बोटाने गाळ दाबला. परत येऊन पुस्तक उघडलं. पान कुठलं, काही कळत नव्हतं.

तासाभराने तो धावत आला. साठी उलटलेला माणूस, धावत! माझा हात धरून ओढ्यापर्यंत नेलं, स्वतःचा हेडफोन माझ्या कानांना लावला. "ऐकलंस? अगं, हा खिळा नाही." मग गुडघ्यांवर बसून त्याने खणलं आणि सापडल्यावर तसाच बसून रडला. वडील गेले तेव्हाही न रडलेला माणूस.

"किती पिवळं आहे बघ," तो म्हणत राहिला. निसर्गातल्या सोन्यात चांदी मिसळलेली असते, हे त्यानेच मला सांगितलं होतं. आता हे इतकं शुद्ध कसं याचं कारणही त्यानेच शोधून काढलं. ऑपरेशनआधी पेशंटला एकच प्रश्न तीनदा विचारणारा हा माणूस — त्याला शंका कशी आली नाही? कुणावर घेणार होता? तिथे माझ्याशिवाय होतं कोण?

पुण्याहून वन्संचा, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. "सापडलेलं सोनं घरात ठेवू नये रे. देऊन टाक देवळात."

"ताई, हे कुणाचं हरवलेलं नाही. डोंगराचं आहे," तो म्हणाला, आणि खडा देवघरात ठेवला. कुलकर्णी तर, "डॉक्टर, पाय कुठेत तुमचे?" म्हणत खरंच वाकले.

मन मात्र भरलं नाही. मी एवढी वाचणारी, पण त्याची पुस्तकं कधी उघडली नव्हती. ओढ्यात मिळालेलं सोनं तिथलं नसतं. ते वरून वाहत आलेलं असतं. खाली एक खडा सापडला की शोधणारा प्रवाहाच्या उलट, वर वर जातो. हे मला कळलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्या दरीचा नकाशा पसरलेला होता आणि पेन्सिलीच्या रेघा वरच्या कड्यापर्यंत गेल्या होत्या.

पुढचे दोन उन्हाळे त्याच दरीत. आधी पायवाट संपली. मग घसरत्या दगडांचा उतार, मग धबधबा. मी कुठल्याही दिवशी सांगू शकले असते. पण आज सांगायचं तर काल का नाही सांगितलं? आणि आता दिवाळीत त्या खड्याला हळदकुंकू लागलेलं.

शेवटच्या सकाळी तो गाडीच्या दारात बुटांच्या नाड्या बांधत होता. "धबधब्यावरची घळ तेवढी राहिलीय. तिथेच असणार."

"सुधीर —" मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. "काय गं?"

"थर्मास घेतलास का?"

"घेतला," म्हणाला आणि पाठीवरची पिशवी थोपटली.

मी विसरले नव्हते. वाक्य तयार होतं. त्याला दुःख होईल म्हणून गिळलं, असंही नाही. मी कशी आहे ते त्याला कळेल, म्हणून गिळलं.

संध्याकाळपर्यंत वाट पाहून मी पोलिसांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घळीच्या तळाशी सापडला.

एक तरुण पोलीस बाई माझ्यासमोर चहा ठेवून हलक्या आवाजात विचारत होती. तिथे तर वाट नाही, मग ते वर का गेले असतील? छंद होता, मी म्हटलं. तिने लिहिलं. त्या भागात आधी काही मिळालं होतं का? मी हो म्हटलं. खाली ओढ्यात, सोनं. तो गेलेला असतानाही तेच खोटं, पुन्हा. तिने तेही लिहिलं.

वर काही नव्हतं. हे त्या दरीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस दिवसभर खाली गाडीत वाचत बसलं होतं.