लग्नघरचं मांजर

वसईपासून विरारपर्यंतच्या कुठल्याही मांडवात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी नवरा-नवरीकडे पाठ करून मांजराकडे बघत बसलेली बाई दिसली, तर ती माझी धाकटी नणंद आहे असं खुशाल समजावं. ही जनावरांची डॉक्टर. पण गाई-म्हशी राहिल्या बाजूला आणि तिचा जीव अडकला तो मांजरांच्या सर्दीत. मांजराला सर्दी होते हेच मला लग्न होऊन आगाशीला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. हिनं पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून सांगितलं, की या सर्दीचा विषाणू एकदा अंगात शिरला की बहुधा जन्मभर जात नाही, दडी मारून बसतो. मांजर वरून ठणठणीत दिसतं. पण घरात उलथापालथ झाली, त्याच्या जिवाला घोर लागला, की आठवडाभरानं शिंका, डोळ्यांना पाणी, सगळं परत सुरू. "आणि वहिनी, घरात लग्नाएवढी मोठी उलथापालथ दुसरी कुठली?" असं तिनं मला विचारलं. मी तेव्हा नवी नवरी होते.

तिचं संशोधन हेच. पत्रिका आली की मुहूर्त वगैरे नंतर, आधी फोन : "तुमच्याकडे मांजर आहे ना?" लग्नाआधी एकदा जायचं, लग्नानंतर आठवड्यानं परत जायचं आणि दोन्ही वेळा कापसाची काडी मांजराच्या घशात फिरवून नमुना घ्यायचा. दुसऱ्या फेरीला बिचाऱ्या नव्या सुना नटूनथटून पोह्यांची बशी घेऊन बाहेर येतात आणि ही पलंगाखाली. अर्नाळ्याच्या एका मासेवाल्या मावशीला शेवटी राहवलं नाही. "बाय, सून कशी हाय ते तरी सांग! आल्यापासून मांजराचंच तोंड बघतेस. पानी तरी पी!" हिनं मुकाट्यानं पाणी प्यायलं आणि गंभीरपणे विचारलं, "शिंकते का?" मावशी म्हणाली, "कोन, सून?"

सांडोरला तर कहर झाला. त्या घरचं मांजर लग्नाआधी काही केल्या हिच्या हाताला लागलं नव्हतं. आता वरात दारात आलेली, नवरी माप ओलांडायला उभी, आणि मांजर नेमकं मापाशेजारी येऊन बसलेलं. त्याला बाजूला न्यायला कुणीतरी दुधाची वाटी आणली. मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून ही ओरडली, "दूध देऊ नका! आधी नमुना, मग खाणं!" आणि नऊवारीचा काष्टा सावरत, पाहुण्यांच्या पंगतीतून वाट काढत पोचलीसुद्धा. काडी फिरवली, नळीत टाकली, झाकण लावलं, मग नवरीला म्हणाली, "या आता आत." नवरीच्या सासूचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. घरी येताना मी चिडून बोलले, तर मलाच म्हणते, "नवरी दोन मिनिटं थांबू शकते गं. मांजराच्या पोटात घास गेला की माझा नमुना गेला." या नळ्या आमच्या फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे असतात. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे ताक नको म्हणतात.

इतकी लग्नं पाहून हिनं स्वतः मात्र ते केलं नाही. सासूबाईंनी विषय काढला की ठरलेलं उत्तर, "आई, आपल्या घरात मांजर आहे. तिला त्रास होईल." हे मांजर म्हणजे ठमी. आगाशीच्या बाजारात सापडलेलं, सर्दीनं शिंकणारं, चिपडांनी डोळे मिटलेलं पिल्लू हिनं ओढणीत गुंडाळून आणलं, जगवलं आणि माडीवर ठेवलं. ठमी कधी खाली उतरली नाही, दुसऱ्या मांजराचं तोंड तिनं पाहिलं नाही आणि त्यानंतर एकदाही शिंकली नाही. रात्री हिच्या उशाशी झोपायची. मी कौतुकानं काही बोलले की ही झटकून टाकायची. "मांजर घराचं असतं वहिनी, माणसाचं नसतं. माया-बिया आपण चिकटवतो."

गेल्या वर्षी तिच्या मार्गदर्शक सरांनी नेमकी दुखरी जागा धरली. हळदीच्या रात्रीच्या मटणाच्या वासानं गावभरची मांजरं लग्नघरी जमतात, मग जुनी सर्दी जागी झाली की नवी लागली, हे कशावरून? बाहेरच्या मांजराचा वाराही न लागलेलं एक तरी मांजर दाखव, नाहीतर हा सगळा भाग प्रबंधातून काढून टाक, असं त्यांनी बजावलं. म्हणजे तिची सगळी लग्नं पाण्यात. ही त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, "ठमी आहे की!" तर म्हणाली, "ठमीच्या आयुष्यात काही घडतच नाही गं." पण हार मानेल ती ही कसली! असं मांजर शोधत ती बंद फ्लॅटांतून नालासोपारा पालथा घालत राहिली. शेवटी नमुने तपासायला काही महिने नागपूरला जायची वेळ आली तेव्हा ते न सापडताच बर्फाची पेटी उचलून गेली. निघताना ठमीकडे वळूनही पाहिलं नाही.

आठवडा झाला असेल. मी माडीवर दूध घेऊन गेले, तर ठमी हिच्या उशीवर बसून शिंकत होती. डोळ्यांना धार लागलेली. मी धावत फोन केला. हिनं नेहमीच्या करड्या आवाजात उलटतपासणी सुरू केली. खाली उतरली होती का? नाही. दुसरं मांजर वर आलं? नाही. पाहुणे, रंगकाम, जागा बदलली? काही नाही.

"मग घरात झालं तरी काय?"

"तू गेलीस," मी म्हटलं.

पलीकडून एक वेगळाच, मऊ आवाज आला. "वहिनी, तिला वास येत नसेल, म्हणून खात नसेल. बोंबील उकडून, काटे काढून, कोमट भरव. डोळे पूस."

"आणि नमुना?"

"राहू दे नमुना. आधी तिला खायला घाल."

लग्न होऊन आल्यापासून या मुलीचा एकही हुकूम मी मोडला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. फोन ठेवला, कपाटातली काडी काढली, ठमीला मांडीत दाबून धरलं आणि मनगटावर ओरखडे घेत तिच्या घशातून फिरवली. नळीला झाकण लावलं, दह्याच्या भांड्यामागे ठेवली. मग बोंबील उकडायला टाकले.