निखिलच्या मार्कांचं पाकीट

ईशा, रोहन —

आता जे लिहिते आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, श्रीमामाला तर नाहीच. तुमचे आजोबा तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांना सांगितलं असतं का? नसतं, असंच वाटतं.

मग आज का? तर मागच्या रविवारच्या फोनमुळे. ईशा, तुझे कॉलेजचे अर्ज चालू आहेत म्हणून मी सहज म्हटलं, कागद नीट सांभाळ गं. त्यावर तू हसून म्हणालीस, "डोन्ट वरी आजी, मी काही निखिलदादासारखं करणार नाही." मागून रोहनही हसला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि जेवलात का, असं विचारलं.

तुम्ही लहान होतात. ही गोष्ट तुम्हाला जशी सांगितली गेली तशी तुम्ही धरून चाललात. यात तुमची चूक नाही. पण माझ्या सख्ख्या नातवाचं नाव जर्सी सिटीतल्या घरात चेष्टेचा शब्द होऊन बसलं आहे आणि ते कुणामुळे, हे एकट्या मला ठाऊक आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, आणि इंग्रजी मी फार सफाईने लिहिते. तीच सफाई मला इथे नको आहे. शिवाय मराठीत लिहिलं की तुमच्या आईला ते तुम्हाला वाचून दाखवावं लागेल, आणि तिने वाचलं की तासाभरात नोव्हायला श्रीमामाकडे फोन जाईल. हे कळूनच मराठीत लिहिते आहे.

दोन हजार तीन साली मी श्रीमामाकडे नोव्हायला राहायला गेले. मामा आणि वंदनामामी सकाळी सातला गाड्या काढून जात ते संध्याकाळी सहाला येत. मला गाडी येत नव्हती. रस्त्यावर पायी चालणारं माणूस दिसत नव्हतं. आयुष्यभर एका कॉलेजच्या ऑफिसात काम केलेली बाई मी, अख्खं ऑफिस माझ्या कपाटांवर चालायचं. इथे मी कोण होते? मग मी घरातले कागद हातात घेतले. पासपोर्ट, विम्याची पत्रं, टॅक्सचे कागद, लसींची कार्डं, प्रत्येकाची वेगळी फाइल. महिन्याभरात मामा म्हणायला लागला, "आईला विचारा, आईकडे असेल." ते वाक्य ऐकण्यासाठी मी जगत होते म्हटलं तरी चालेल.

मामाचा निखिल तेव्हा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जात होता. त्याच्याबरोबरची इतरांची मुलं मोठ्या युनिव्हर्सिट्यांत गेली, याला पहिल्या फटक्यात कुठेच जमलं नाही. मामाला ते फार लागलं होतं. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, की तो "सध्या बेसिक कोर्सेस करतोय" असं म्हणून ताट घेऊन दुसरीकडे जायचा. निखिलला पुढे ट्रान्स्फर घेऊन एक्सरसाइज सायन्स शिकायचं होतं. व्यायामाने शरीर कसं बदलतं, पडलेलं माणूस पुन्हा कसं चालतं होतं, त्याचं शास्त्र. एका काकूंनी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे आपल्याकडे पी.टी.चे मास्तर असतात तसं का रे?" सगळे हसले. निखिलही हसला. "हो काकू, पण माझी शिट्टी जास्त महाग असणार."

मी एका हिवाळ्यात दारातल्या बर्फावर घसरले आणि घोटा मोडला. प्लास्टर निघाल्यावर पाय टेकवायचीच भीती बसली. निखिल कॉलेजातून आला की जमिनीवर बसायचा, माझ्या पावलाला टॉवेल अडकवायचा आणि मोजायचा. "अकरा, बारा... आजी, नो चीटिंग, बाराच झालेत, तू चौदा म्हणालीस." त्या मुलाने मला जिन्यावरून खाली आणलं. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचताना ते तुमच्या डोक्यात असायला हवं. माझ्या तर असतंच.

दोन हजार पाचच्या वसंतात त्याने अर्ज केला. तो अभ्यासक्रम वर्षातून एकदाच मुलं घ्यायचा. अर्जाबरोबर कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे दोन वर्षांच्या सगळ्या मार्कांचा उतारा, लागत होता. तो कॉलेजनेच पाकिटात घालून, बंद करून, चिकटवलेल्या जागेवर शिक्का मारून दिला होता. मुदत जवळ आली होती म्हणून निखिल तो स्वतः काउंटरवरून घेऊन आला. सगळा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "आजी, एसेमधलं ग्रामर बघ ना प्लीज. बाकी सगळं रेडी आहे." आणि कामाला गेला.

मी निबंध तपासला. अर्जातला प्रत्येक रकाना पाहिला. मग ते पाकीट हातात घेतलं.

स्वतःला मी आजवर असं सांगत आले, की मूळ कागद घराबाहेर जाताना त्याची प्रत ठेवायची हा माझा जन्माचा नियम होता. ते खरंच आहे. आमच्या ऑफिसात मूळ मार्कलिस्ट कुणी पोस्टाने पाठवली असती तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. झेरॉक्स काढायची, साहेबांचा सही-शिक्का घ्यायचा, ती सत्यप्रत पाठवायची, मूळ कागद कपाटात. मूळ कागद हरवून आयुष्य अडलेली मुलं मी काउंटरपलीकडे रडताना पाहिली आहेत. आणि हा मुलगा एकुलता एक उतारा न बघता, प्रत न ठेवता पाठवणार होता!

पण हे अर्धं झालं. पाकिटाच्या मागे छापलं होतं, की उघडल्यास हा कागद ग्राह्य धरला जाणार नाही. ते मी वाचलं नव्हतं, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. ईशा, मी वाचलं होतं. चष्मा लावून वाचलं होतं. मला वाटलं, असल्या सूचना पोरांसाठी असतात. मी काही पोरगी नव्हते.

आणि त्याहूनही खाली एक गोष्ट आहे. मला त्याचे मार्क बघायचे होते. मामा एकदा मला हळूच म्हणाला होता, "केमिस्ट्रीत बी मिळाला म्हणतो. मला नाही वाटत." मला खात्री करून घ्यायची होती. घरातलं सगळं आईला माहीत असतं ना?

मी किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं.

केमिस्ट्रीत बीच होता. ॲनाटॉमीत ए. मुलगा एका अक्षराने खोटं बोलला नव्हता. मी तळघरातल्या मशीनवर प्रत काढली, मैद्याची खळ केली आणि पाकीट पुन्हा चिकटवलं. दोन जाड शब्दकोशांखाली दाबून ठेवलं. काढलं तेव्हा शिक्क्याचे दोन अर्धे केसभर सरकलेले होते. मी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. नीट दिसत होतं. मला दिसत होतं तर त्यांना दिसणार नाही?

तेव्हाच सांगता आलं असतं. मुदतीला आठवडा होता. निखिल कॉलेजात जाऊन दुसरं पाकीट घेऊन आला असता, फार तर हसला असता. मी गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "निबंध छान आहे." तो दोन दिवस त्याच्या खोलीत होता, मग त्याने पोस्टात टाकला.

पुढचे पाच आठवडे मी कसे काढले ते शब्दांत सांगता येणार नाही. पोस्टाची गाडी दुपारी दोनच्या सुमाराला यायची. दीडपासून मी घड्याळाकडे बघत बसायचे. ती गाडी पेटीशी थांबली की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे, म्हणजे आवाज ऐकू येऊ नये. मग मीच जाऊन पत्रं आणायची, कारण ते माझं काम होतं. प्रत तर मी पहिल्याच दिवशी बारीक फाडून टाकली होती. ज्या प्रतीसाठी उघडलं म्हणते, ती!

पत्र आलं ते मामाच्या हातात पडलं, शनिवार होता. पाकिटाच्या शिक्क्याशी छेडछाड झालेली दिसते, उतारा स्वीकारता येत नाही, विद्यार्थ्याने लेखी खुलासा करावा. मामाने ते टेबलावर आपटलं.

"का उघडलंस?"

"बाबा, आय डिडन्ट टच इट."

"मग काय भुताने उघडलं? केमिस्ट्री बदलायला निघाला होतास ना? आणि मग धीर झाला नाही."

"मला खरंच बी आहे! विचारा कॉलेजला!"

"तुझ्यासाठी मी आता कॉलेजच्या दारात जाऊ? अजून किती मान खाली घालायला लावणार आहेस?"

मग तो माझ्याकडे वळला. "आई, पाकीट तुझ्यासमोर होतं ना? बंद होतं?"

तेव्हापासून मी याच जागेभोवती फिरते आहे. मी म्हणाले, "माझ्याकडे आलं तेव्हा बंद होतं. नंतर दोन दिवस त्याच्या खोलीत होतं."

बघा. दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकही शब्द खोटा नाही. ऑफिसच्या फाइलवर अशीच टिपणं लिहायची मी.

मामाने नुसती मान हलवली. निखिलने माझ्याकडे पाहिलं. त्या घरात केमिस्ट्रीचा बी डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं माणूस मीच होते, आणि मी ताटं उचलायला लागले. त्याला कळलं होतं का? मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही, अजूनही नाही.

आता सर्वांत वाईट. खुलाशाचं पत्र त्याने लिहिलं आणि तपासायला माझ्याकडे आणलं. दुसऱ्या कुणाकडे नेणार? त्यात लिहिलं होतं, की पाकीट कसं उघडलं गेलं ते मला माहीत नाही, मी खरं सांगतो आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं. तो शेजारी उभा होता. मी एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, एक शब्द बदलला आणि म्हटलं, आता ठीक आहे.

त्यांनी खुलासा मानला नाही. कॉलेजने नवीन उतारा परस्पर पाठवला, त्यात सगळे मार्क तेच होते, पण तोवर त्या वर्षीच्या जागा भरल्या होत्या. मार्क तेच निघाले म्हणून मामाचं मत बदलेल असं मला वाटलं होतं. बदललं नाही. मार्क बघण्याची हाव सुटली आणि वर खोटंही बोलला, एवढाच फरक मामाने आरोपात केला. मुलगा बेजबाबदार, हे त्याचं जुनं मत होतं. मी त्याला फक्त पुरावा दिला.

ऑगस्टमध्ये निखिल दोन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेला. एक वर्ष त्याने एका जिममध्ये काम केलं, सकाळी पाचला कुलूप उघडायचं आणि मशीनं पुसायची. पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्या राज्यातल्या एका लहान युनिव्हर्सिटीत जागा मिळाली. जिथे जायचं होतं तिथे नाही. आता त्याचं शेवटचं वर्ष चालू आहे. तो घर सोडून गेला त्याच वर्षी, हिवाळ्याच्या आधी, मी पुण्याला परत आले. थंडी सोसवत नाही असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. माझं सगळ्यांना पटतंच.

भीती कसली होती, हे तुम्ही विचाराल. मला कुणी मारणार नव्हतं, घराबाहेर काढणार नव्हतं. "आईला विचारा" हे वाक्य बंद होईल, याची भीती होती. एवढीशी गोष्ट. तिच्यासाठी मी एक वर्ष त्याचं घेतलं, आणि त्याचे वडील त्याच्यापासून घेतले.

हे वाचून तुम्ही काय करावं, ते मी सांगत नाही. निखिलला मी वेगळं पत्र लिहिलं आहे, तुमच्या पत्राआधी टाकलं आहे.

श्रीमामा आणि निखिलदादा महिन्यातून एकदा फोनवर बोलतात. गाडी कशी चालते, तिकडे बर्फ पडला का, एवढंच. मी दिवाळीला मामाला विचारलं, निखिलच्या पदवीदानाला जाणार ना? तो म्हणाला, "बघू. सुट्टीचं जमेल असं वाटत नाही." पाकीट निखिलने उघडलं, असं त्या घरात आजही मानतात.