नखाएवढा पापड

माणूस, मांजर आणि सोसायटीचा सेक्रेटरी या तिघांनाही एकाच पद्धतीनं वळण लावता येतं, असं छातीठोकपणे सांगणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली. ती म्हणजे आमच्या जुईच्या बाई. जुईला ऑटिझम आहे. नव्वद सालच्या आसपास हा शब्द ठाकुर्लीत कुणाला ठाऊक नव्हता. नातेवाईक 'बोलेल उशिरा' म्हणत आणि डॉक्टर चष्मा पुसत. सहा वर्षांची झाली तरी पोरीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. माझ्या बायकोला बाकी काही नको होतं, एकदा 'आई' एवढंच ऐकायचं होतं. त्यासाठी बाई आठवड्यातून तीनदा ठाण्याहून येत.

बाईंचं शास्त्र सुटसुटीत होतं. चांगलं वागलं की तत्क्षणी बक्षीस. आरडाओरडा केला की ढुंकूनही बघायचं नाही. आणि काम कुठलंही असो, शेवटची पायरी आधी शिकवायची, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो. जुईचं बक्षीस होतं पोह्याच्या पापडाचा नखाएवढा तुकडा. पण लहान आणि मोठी माणसं यांत फरक करायची बाईंना सवय नव्हती. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला कुरकुर न करता आला, की त्याच्याही हातावर तुकडा पडे. तो बिचारा प्रसाद समजून कपाळाला लावून खाई. एकदा आमचे सेक्रेटरी पाण्यावरून जिन्यात ओरडायला लागले, तेव्हा बाई त्यांच्याकडे पाठ करून नोटीस बोर्ड वाचत उभ्या राहिल्या. सेक्रेटरी दमून गप्प झाले, तशा वळून प्रेमानं म्हणाल्या, "आता किती छान उभे आहात."

सगळ्यात हाल त्यांच्या यजमानांचे. त्यांना चहा शिकवायचा बाईंनी घाट घातला, तोही शेवटच्या पायरीपासून. पहिला महिना ते फक्त कप बशीत ठेवत होते. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांची मजल गाळण्यापर्यंत आली होती. गॅस पेटवणं दिवाळीपर्यंत येईल, असं त्यांनी आम्हाला अभिमानानं सांगितलं.

मीही सुटलो नाही. जुई किंचाळली की मी बिस्किटं घेऊन धावायचो. बाई म्हणाल्या, "जुईचे बाबा, तुम्ही तिला काही शिकवलेलं नाही. तिनं तुम्हाला शिकवलंय." मला राग आला, दोन दिवस टिकलाही. पण बिस्किटं बंद केली आणि महिन्याभरात किंचाळणं निम्म्यावर आलं.

मग 'आई'ची पाळी आली. जुईसमोर बसून बाई 'आई' म्हणत राहणार, जुईनं नुसता 'आ' काढला तरी बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन तिला उचलून गरगर फिरवायचं, असा बेत. पण जुई खोकली तरी बायको बाहेर हजर. खोकला म्हणजे हाक नव्हे, असं समजावून बाई तिला परत आत पाठवीत. असे अडीच महिने गेले.

एका दुपारी, मी सुट्टीवर घरीच होतो, जुईनं बाईंचा पदर धरला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाली, "आई."

चूक बाईंचीच होती. अडीच महिने तो शब्द म्हणत तिच्यासमोर त्याच बसल्या होत्या. पोरीला वाटलं, हे यांचंच नाव.

बाईंनी मान फिरवली. जुईनं पदर ओढून पुन्हा हाक मारली. बाई खिडकीचा गज धरून बाहेर बघत राहिल्या. लग्नाला चौदा वर्षं होऊन त्यांना मूल नव्हतं. ही हाक त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी मारत होतं, आणि ओ देणं हीच आता चूक होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

"वहिनी, बाहेर या," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला बोलावतेय."

बायको आली. बाईंनी जुईला खांद्याला धरून तिच्याकडे वळवलं. तिसरी हाक तिथं गेली. बायकोनं पोरीला उचललं आणि फिरवायचं सोडून रडतच बसली.

मी बाईंना खाली सोडायला गेलो. पुढच्या वेळेपासून त्या बाजूला बसणार होत्या, पोरीचा घोळ व्हायला नको म्हणून. एवढंच बोलल्या.

त्यानंतर त्या चार वर्षं येत होत्या. जुईनं त्यांना पुन्हा कधीही आई म्हटलं नाही. बाईंनी शिकवलेली एकही गोष्ट ती विसरलेली नाही.