सारिकाच्या पिशवीतला मोबाईल

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तेही अडखळतच.

किकवीच्या शाळेत मी शिक्षक. पोरांना बुद्धिबळ शिकवायचो. आपल्या भागात गुरुजींसारखा खेळणारा नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं. सारिका माझी विद्यार्थिनी, वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातली, मावशीकडं राहून शिकणारी. फ्रेंच डिफेन्स हा बचाव तिला मीच शिकवला. समोरच्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं की आपण एकच घर सारायचं. आपला उंट कोंडतो, जीव घुसमटतो — पण धीर धरायचा. पुढं त्याचीच मधली प्यादी ढासळतात.

ती कॉलेजात गेली त्या वर्षी भोरच्या खुल्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत आम्हीच समोरासमोर आलो. डावाआधी तिनं विचारलं, “सर, आण्णा न्यायला आल्यात, नसरापुरात थांबल्यात.” आण्णा म्हणजे तिचे वडील. “डाव संपला की फोन करायचाय. मोबाईल पिशवीत ऱ्हाऊ दे का?”

“राहू दे. बंद कर फक्त.”

मोबाईल जवळ सापडला, बंद असला तरी, डाव जातो — हा नियम मला माहीत नव्हता का? होता. पण तोवर मनात काही नव्हतं — खरंच नव्हतं.

मी प्यादं दोन घरं सारलं. तिनं एक. विसाव्या चालीपर्यंत माझं मधलं सगळं ढासळलं, वजीर अडकला. भोवती माणसं जमली, त्यात माझेच विद्यार्थी. अभिमान वाटायला हवा होता ना मला?

मी उठलो. पंचांच्या कानाशी लागलो — त्या मुलीच्या पिशवीत मोबाईल आहे.

भाकरीच्या फडक्याखाली तो निघाला. बंदच होता. पण नियम तो नियम, डाव मला मिळाला. पंचांनी तिला दरडावलं, “कुणाला विचारून ठेवलास?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी घड्याळाकडं पाहत होतो.

“कुणालाच न्हाई,” ती म्हणाली.

मागून कुणीतरी बोललं, “तरीच! धनगराच्या पोरीला एवढं कुठनं येतंय?” मी ऐकलं आणि सोंगट्या डब्यात भरू लागलो.

स्पर्धेत मिळालेली ढाल माझ्या घरी आहे. लबाडीचा शिक्का तिच्यावर बसला. ती पुन्हा कधी पटाला बसली नाही. मागच्या महिन्यात नसरापूरच्या स्टँडवर दिसली, कडेवर मूल. “बरं हाय का, सर?” म्हणाली. अजून सरच म्हणते.

मी ‘बरं आहे’ म्हणालो आणि समोर लागलेल्या एसटीत चढलो.