व्हर्लिनची जागा

"सोड ती जागा."

"का सोडू?"

"माझ्या नवऱ्याची आहे ती!"

"माझ्या भावाची होती, बर्नी. आता तो चर्चमागे मातीखाली आहे. त्याला कशाला हवाय डॉक्टर?"

बर्नडीन कोल्टरमनने हातातलं फडकं सिंकमध्ये आपटलं. तिची नणंद मार्वा अंगावरचा कोटही न काढता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. आली होती ती फक्त आपलं काचेचं भांडं परत न्यायला. दुखवट्याला त्यातून चीज घातलेले भाजके बटाटे आणले होते तिने. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर तिचं नाव होतं, कारण नेब्रास्कात दुःख ओसरलं की भांडी मालकिणीकडे परत जातात. भांडं हातात घेता घेता ती सहज म्हणाली, "डॉक्टर ट्रेगरकडून फोन होता. व्हर्लिनची जागा मला देतायत. मी हो म्हटलं." आणि भडका उडाला.

ट्रेगर सभासदांनाच तपासत. महिन्याला वर्गणी भरा, हवं तेव्हा या, हवा तेवढा वेळ बसा, आणि डॉक्टरांचा खाजगी नंबर तुमच्या फोनमध्ये. पण सभासद मोजकेच. जागा रिकामी व्हायची ती कुणी गाव सोडलं तर, नाहीतर जग सोडलं तर. गावातला जुना दवाखाना बंद पडल्यापासून दुसरा डॉक्टर गाठायचा म्हणजे अर्धा दिवस गाडी हाकायची.

बर्नडीन पहिल्याच दिवशी सभासद झाली होती, व्हर्लिनलाही तिनेच केलं होतं. तिचा सगळा जन्म शाळेच्या जेवणघरात गेला. डोक्याला जाळी, हातात डाव, समोर ताटांची रांग. जुन्या दवाखान्यात ती स्वतः रांगेत असायची. तिथली नर्स तिला दरवेळी "बर्नडेट" म्हणून हाक मारायची, आणि डॉक्टर तिचा गुडघा बघायचा तो संगणकाच्या पडद्यावर. ट्रेगरनी मात्र पहिल्या भेटीत खुर्ची जवळ ओढून विचारलं होतं, "बोला बर्नडीन, झोप कशी लागते?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला वाढतंय असं तिला वाटलं. तेव्हापासून "माझे डॉक्टर" हे दोन शब्द ती मोत्यांच्या माळेसारखे मिरवत होती. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कुणी खोकलं तरी ती फोन काढायची, "थांब हं, विचारते माझ्या डॉक्टरांना."

मार्वाचं नाव प्रतीक्षायादीत होतं. तिला मधुमेह होता. एकदा तिने विनवलं होतं, "बर्नी, एक शब्द टाक ना त्यांच्याकडे." बर्नडीनने सगळ्यांदेखत तिच्या बशीकडे पाहिलं. "तो केक खाली ठेव आधी. डॉक्टर लागणारच नाही." बायका हसल्या. हिवाळ्यात मार्वाच्या पायाचं बोट कापावं लागलं.

"ते बोलले होते मी, मान्य आहे," बर्नडीन आता म्हणाली. "पण त्याचा सूड असा? भावाच्या खुर्चीत जाऊन बसतेस? लाज?"

"लाज बोटाबरोबर गेली. आणि ज्याने माझ्या भावाला वाचवलं नाही त्याच्याकडे मी जाते म्हणून तुला वाईट वाटतंय, असं नाही ना म्हणायचं तुला?"

"म्हणायचंच आहे! फोन उचलला नाही त्यांनी."

"फोन?" मार्वा हसली. "फोन कुठे केलास तू? मेसेज केलास. मी तुझ्या मागेच उभी होते, बर्नी. व्हर्लिन सोफ्यावर घामाने निथळतोय, डावा हात दाबून धरलाय, आणि बाईसाहेब लिहितायत, 'व्हर्लिनला जरा बरं नाही. हात दुखतोय. घाई नाही हं, रविवार आहे तुमचा. मासे मिळाले का?' वर हसरा चेहरा!"

"माणसाला सुट्टीच्या दिवशी त्रास द्यायचा नसतो."

"मग नाही दिलास. ते तळ्यावर होते. त्यांनी वाचलं 'घाई नाही'. त्यांनीही घाई केली नाही. आणि त्यांनी सांगितलं नव्हतं का, छातीचं काही असलं तर मला नाही, अँब्युलन्सला फोन करा?"

सांगितलं होतं. प्रत्येक सभासदाला सांगितलं होतं. बर्नडीनला ते इतरांसाठी वाटलं होतं.

"तूही होतीस ना तिथे?" ती ओरडली. "तुला हात नव्हते? तुझ्याकडे फोन नव्हता?"

मार्वाने भांडं टेबलावर पालथं ठेवलं. तळाच्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला.

"होता. मी म्हटलंच की अँब्युलन्स बोलावू. तू काय म्हणालीस आठवतंय? 'ज्यांना डॉक्टर नसतो ते अँब्युलन्स बोलावतात, मार्वा.' माझ्या पायाकडे बघून म्हणालीस. मला ते इतकं लागलं... मनात म्हटलं, बसू दे हिला वाट बघत. कळू दे जरा. थोडाच वेळ. मग त्याचे ओठ निळे पडले, तेव्हा मी फोन लावला."

सिंकमधला नळ ठिबकत होता. व्हर्लिन तो दुरुस्त करणार होता.

बाहेर अवजारांच्या शेडमध्ये हातोड्याचे ठोके पडत होते. केंट, बर्नडीनचा मुलगा. लिंकन शहरातली नोकरी सोडून तो आईसाठी शेतावर परत आला होता. बापाच्या प्रेतापाशी रडत त्याने एकच विचारलं होतं, "त्रास झाला का त्यांना?" आणि बर्नडीनने त्याला सांगितलं होतं की हातात कॉफीचा कप होता, एकदम मान कलली, क्षणात सगळं संपलं, कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही. त्यावर केंट तिच्या कुशीत शिरला होता, लहानपणी शिरायचा तसा. मार्वा तेव्हा शेजारी उभी राहून ऐकत होती आणि काही बोलली नव्हती.

"मार्वा." बर्नडीनचा आवाज एकाएकी खाली आला. "जागा घे तू. मीच सांगते डॉक्टरांना, माझी नणंद आहे, नीट बघा. पहिल्या दिवशी गाडीतून नेईन तुला."

"आता टाकतेस होय शब्द?"

"केंटला माझ्याशिवाय कुणी नाही."

"तुला त्याच्याशिवाय कुणी नाही, असं म्हण."

"बरं, तसं. तसं म्हणते. मार्वा, तू त्याला काय सांगणार आहेस?"

मार्वाने कोटाचं वरचं बटण लावलं. भांडं काखेत धरलं, जाळीचं दार खांद्याने ढकललं आणि पायऱ्या उतरली. तिची गाडी डाव्या हाताला रस्त्यापाशी उभी होती. ती उजवीकडे वळली, लंगडत, हातोड्याच्या आवाजाच्या दिशेने.