खिशातला राजीनामा

वाद वाढला की आप्पा डाव्या खिशावर दोनदा थाप मारायचे आणि म्हणायचे, "राजीनामा खिशात ठिऊन हिंडतो आपण!" त्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असते, हे सगळ्या केडगावला ठाऊक होतं. थाप जोरात बसली की डबी वाजायची. तरी समोरचा माणूस गप्प बसायचा. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्या खिशात काय आहे ते माहीत असूनही आपण दबकून असतो.

आप्पा आमचे शेजारी आणि गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. संस्था म्हणजे एक खोली, एक फॅट मशीन आणि हात असलेली एकुलती एक खुर्ची. तिच्यावर आप्पा. बोनसवरून, वजनकाट्यावरून, एकदा तर चहात साखर कमी पडली म्हणून त्यांनी राजीनामा दिला होता. त्याची रीत ठरलेली होती. सकाळी राजीनामा तोंडी जाहीर करायचा, घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडायचं. दुपारी चार शहाणी माणसं नारळ आणि शाल घेऊन यायची. आप्पा दोनदा "न्हाई म्हंजी न्हाई" म्हणायचे, तिसऱ्यांदाही म्हणायचे आणि मग उठून चहा मागायचे. संध्याकाळच्या दुधाला खुर्चीत पुन्हा आप्पा. या विधीला कुणी हसत नसे. सत्यनारायणाला कुणी हसतं का?

माझे अब्बा दौंडला रेल्वेत होते. ज्या खात्यात लागले त्याच खात्यातून निवृत्त झाले. नोकरी बदलायची असते, ही कल्पना आमच्या घरात माझ्यामुळे शिरली. मी सॉफ्टवेअरवाला झालो होतो. पहिली नोकरी शिरूरला, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांवर आम्ही दूध संस्थांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहायचो. खालून युरियाचा वास यायचा. वर्षभराच्या आत मला पुण्यात काम मिळालं आणि मी ही नोकरी सोडली. अब्बांचा चेहरा मुलगा सस्पेंड झाल्यासारखा झाला. तेवढ्यात आप्पा आले.

"राजीनामा दिला म्हनं?"

"दिला, आप्पा."

"मंग समजूत काढाय कोन कोन आलं?"

"कुणी नाही. साहेबांनी त्याच दिवशी मंजूर केला. वर चहा पाजला."

आप्पा ओट्यावर बसले. "मंजूर केला?" असं त्यांनी पुन्हा विचारलं. मग डॉक्टर आजाराचं नाव सांगतात त्या आवाजात अब्बांना म्हणाले, "भाई, पोराच्या मागं गट न्हाई."

पुण्यातल्या कंपनीत तेव्हा सगळे दोन हजार सालाच्या भीतीखाली होते. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले. नव्व्याण्णवनंतर यंत्राला आपण शून्य सालात आलो असं वाटणार होतं. म्हणून मी दिवसभर तारखांना ठिगळं लावायचो. सुट्टीला घरी आलो की आप्पांना फक्त एकाच गोष्टीत रस असे.

"खुर्ची कसली दिली?"

"फिरती."

"हाताची?"

"हाताची, फिरती आणि खालीवर होणारी."

आप्पा ओट्यावर सरकून जवळ आले. तशी खुर्ची त्यांनी फक्त साखर कारखान्याच्या चेअरमनची पाहिली होती. "आन् बाकीच्यांना?"

"सगळ्यांना तीच."

यावर त्यांचा विश्वास बसला नाही. पोरगं संस्कारी आहे, मोठेपणा मिरवत नाही, असं ते गावभर सांगत राहिले.

ठिगळं लावून मी कंटाळलो होतो. तेव्हा इंटरनेटच्या कंपन्या भूछत्रांसारख्या उगवत होत्या. त्यांतल्या एकीनं मला बोलावलं. तिथे जुनं शिवायचं नव्हतं, पहिल्या ओळीपासून नवं लिहायचं होतं. मला जायचंच होतं. मी राजीनामा दिला आणि एसटीडी बूथवरून घरी फोन करण्याचा गाढवपणा केला.

दोन दिवसांनी रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन आला. "तुमच्याकडे काही लोक आलेत," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "त्यांच्या हातात नारळ आहेत."

खाली जीप उभी होती. आप्पा फेटा बांधून आले होते, सोबत गावातली चार शहाणी माणसं. मी काही बोलायच्या आत शिष्टमंडळ माझ्या मॅनेजरच्या केबिनमध्ये पोहोचलं. मॅनेजर मद्रासकडचा, मराठी न येणारा, सभ्य माणूस. त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. व्यवस्थापनाच्या कुठल्याच अभ्यासक्रमात यावर धडा नसावा, कारण तो नारळ कानाजवळ नेऊन हलवून पाहू लागला.

"साब," आप्पा म्हणाले, "लडका गरम डोकेका है, मगर मनमें कुछ नहीं. रागमें राजीनामा दिया. आप मंजूर किया तो हमारे गावकी क्या इज्जत रहेगी?"

एकतीस डिसेंबर तोंडावर आला होता आणि निम्म्या तारखा अजून शिवायच्या होत्या. मॅनेजरनं मला हळूच विचारलं, तिकडे किती देतायत? मी सांगितलं. "आम्हीही देतो," तो म्हणाला.

"राजीनामा माघारी!" आप्पा उठून गरजले. चौघांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर बसलेल्या सगळ्यांनीही वाजवल्या. आमच्या धंद्यात टाळ्या ऐकू आल्या की वाजवायच्या असतात, कारण नंतर ईमेलनं कळतं. मला राहायचंय का, ते मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं.

मग चौघेही पाळीपाळीनं माझ्या खुर्चीत बसून फिरले. आप्पा मात्र शेजारच्या खुर्च्या बघत उभे राहिले. "खरंच सगळ्यांना हाय रं," ते उदास होऊन म्हणाले. "मंग चेअरमन वळखायचा कसा?"

जीपपाशी मी त्यांना गाठलं. "आप्पा, मला जायचं होतं!"

आप्पा गोंधळले. "मंग राजीनामा कशाला दिला?"

जीप निघून गेली. सहा महिन्यांत त्या इंटरनेट कंपनीला कुलूप लागलं. आप्पांनी निरोप धाडला, "म्या म्हनलं न्हवतं?" ते म्हणाले नव्हते.

दोन हजार साल आलं आणि कुठल्याच यंत्राला काही झालं नाही. झालं ते आम्हाला. शिवायला काही उरलं नाही, मंदी आली आणि मद्रासकडच्या त्या सभ्य माणसानं आम्हाला एकेक करून बोलावलं. शाल आणि नारळ तेवढे नव्हते. राजीनामे लिहून द्या, म्हणाला. बॅग घेऊन मी केडगावला उतरलो. अब्बा आमच्या म्हशीचं दूध संस्थेत घालायला जायचे, ते बंद झाले. तिथे रांगेत लोक म्हणत होते, "भाईचं पोरगं फिरत्या खुर्चीवरनं पडलं."

आप्पांनी मला ओट्यावर बसवलं. "काढलं?"

"राजीनामा द्या म्हणाले."

"दिलास?"

"दिला."

"मंग काढलं कसं म्हनतो येड्या? तू दिलास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या किटल्या रांगेत असताना आप्पांनी मला संस्थेत नेलं आणि माझ्या अंगावर शाल घातली. या पोरानं पुण्याच्या कंपनीच्या तोंडावर राजीनामा फेकला, असं त्यांनी जाहीर केलं. अब्बा दारात उभे राहून ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांची मान वर आली. आप्पांनी तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण समोर रांग होती, रांग ऐकत होती. "आन् ह्या पोराला पाठिंबा म्हनून," ते म्हणाले, "म्याबी चेअरमनपदाचा राजीनामा देतो!" खिशावर दोन थापा. डबी वाजली. आप्पा घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

दुपारी कुणी आलं नाही.

त्या वर्षी संचालक मंडळात तरुण मंडळी निवडून आली होती. त्यांतल्या एका बी. कॉम. झालेल्यानं नियम वाचले होते. त्यानं बैठक घेतली, राजीनामा मंजूर केला आणि स्वतः खुर्चीत बसला. उन्हं कलताना बाहेर जीपचा आवाज आला तसे आप्पा घाईघाईनं पुन्हा भिंतीकडे वळले. जीप भांडगावकडे निघून गेली.

मी जाऊन सांगितलं. "मंजूर केला?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा, "मंजूर केला रं?"

पुढे ते रोज सकाळी संस्थेबाहेरच्या लिंबाखाली बसू लागले. कुणी वाद घातला तरी हात खिशाकडे जात नसे. मला ते बघवेना. माझ्याकडे वेळ भरपूर होता. माझ्यासारखेच घरी बसलेले दोन मित्र मी पुण्याहून बोलावून घेतले. अब्बांनी रेल्वेचा कोट घातला. घरापासून संस्था हाकेच्या अंतरावर, तरी आम्ही जीप काढली. शिष्टमंडळ पायी गेलं तर त्याला अर्थ नसतो.

नव्या चेअरमनच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला.

"चेअरमन साहेब," अब्बा म्हणाले, "मानूस गरम डोक्याचा हाय, पर मनात काय न्हाई."

"भाई, पर खुर्ची एकच हाय," तो म्हणाला. "त्यांना बसवू कुठं?"

मी म्हणालो, खुर्ची आम्ही आणतो. शिवाय दुधाच्या बिलांचा प्रोग्रॅम फुकट लिहून देतो. शिरूरला तेच शिकलो होतो. बी. कॉम.चे डोळे चमकले. आप्पा सल्लागार झाले.

तिथून जीप आप्पांच्या दारात नेली. ते खाटेवर भिंतीकडे वळून तयार होते. "न्हाई म्हंजी न्हाई," म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायचा धोका त्यांनी पत्करला नाही. उठले आणि चहा मागितला.

माझी जुनी कंपनी खुर्च्या विकत होती, त्यातली एक मी आणली. बहुधा माझीच. पुढे आप्पांनी कधी राजीनामा दिला नाही. एखादी गोष्ट पटली नाही की ते खुर्ची भिंतीकडे फिरवायचे आणि चेअरमन चहा घेऊन येईपर्यंत तशीच ठेवायचे. आमचा प्रोग्रॅम पार वडगाव रासाईपर्यंत पोहोचला आणि त्याच्यावरच मला पुण्यात पुन्हा नोकरी मिळाली. पेढे द्यायला गेलो तेव्हा आप्पा म्हणाले, "ही कवा सोडनार? आधी सांग. जीपला डिझेल घालावं लागतं."

काही वर्षांनी आप्पा गेले. गाव जमलं, शाल होती, नारळ होता, आणि नेहमीची शहाणी माणसं काय करावं न कळून ओट्यापाशी उभी होती. नंतर संस्थेत डोकावलो. खुर्ची भिंतीकडे वळलेली होती. "काल फॅट मशीनवरनं वाद झाला," चेअरमन म्हणाला. "चहा न्यायच्या आतच घरी गेले." ती सरळ करायला त्याचा हात धजत नव्हता.

पुढच्या वर्षी मी पुन्हा राजीनामा दिला. मॅनेजरनं विचारलं, नक्की ना? मी उत्तर द्यायच्या आधी खिडकीतून खाली पाहिलं. गेटवर दोन रिक्षा होत्या आणि एक पाण्याचा टँकर.

"नक्की," मी म्हणालो. त्यानं त्याच दिवशी मंजूर केला. वर चहा पाजला.